बर्फाचं गिरमिट

माझी मुलगी कॅनडातल्या एका लहानशा गावात शाळेत विज्ञान शिकवते. तिथं हिवाळ्यात तळं गोठतं, माणसं त्यावरून चालत जातात, बर्फाला भोक पाडतात आणि त्यातून गळ सोडून मासे धरतात. हे ती मला पहिल्यांदा सांगत होती तेव्हा मी कोलकात्यात दमदमच्या आमच्या फ्लॅटमध्ये पंखा लावून पोहे खात होते.

"आई, या वर्षी शाळेच्या मुलांना आम्ही तळ्यावर नेणार. सामान घ्यायचं काम माझ्याकडे आलंय. ते बर्फाला होल करायचं मशीन घ्यायचं आहे."

"गिरमिट म्हण की," मी म्हटलं. "सुताराचं असतं तसंच. फक्त मोठं."

तिला तो शब्द माहीत नव्हता. नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे आम्ही कोलकात्याला आलो तेव्हा ती तीन वर्षांची होती. मराठी तिला घरातलं तेवढंच येतं. तिनं तो शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि मला तीन फोटो पाठवले. एक हातानं फिरवायचं, एक मधल्या किमतीचं बॅटरीवरचं आणि एक नामांकित कंपनीचं, चांगलंच महाग.

"एवढं महाग घेण्यात अर्थ आहे का? तू सांग. तूच सांगू शकतेस."

हे ती उगाच म्हणत नव्हती. इथल्या एका सरकारी कारखान्याच्या टूल रूममध्ये मी एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी हत्यारांच्या तपासणीवर. ड्रिल, कटर, रीमर, जे येईल ते माझ्या टेबलावरून पुढं जायचं. परदेशी पेटीतून आलेला आख्खा माल मी दोनदा परत पाठवला होता. साहेबांनी बोलावून विचारलं, "एवढ्या मोठ्या कंपनीचा माल?" मी मायक्रोमीटर त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यानंतर त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

त्यामुळे माझं उत्तर जवळजवळ तयारच होतं. हातानं फिरवायचं घे, नावाला पैसे देऊ नकोस. पण न तपासता शिक्का मारायची मला सवय नाही. आणि बर्फ कसा कापला जातो हे मला खरोखरच माहीत नव्हतं. लोखंड, पितळ, बीड, लाकूड, सगळं ठाऊक होतं. बर्फ कधी टेबलावर आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी एस्प्लनेडच्या मागच्या गल्लीत हार्डवेअरच्या दुकानातून मी रोपांसाठी खड्डे घ्यायचं हातगिरमिट आणलं. मंगळवारी पहाटेची लोकल धरून सियालदहला गेले. तिथल्या घाऊक मासळी बाजारात बर्फाच्या लाद्या येतात हे मला माहीत होतं. गोणपाटात गुंडाळलेल्या लाद्यांपाशी एक वयस्क बर्फवाला बसला होता. मी एक आख्खी लादी मागितली आणि ती फोडू नका म्हणाले.

"मग करणार काय, दीदी?" त्यानं बंगालीत विचारलं.

"भोक पाडून बघायचंय."

त्यानं माझ्या हातातल्या गिरमिटाकडं पाहिलं, माझ्या पांढऱ्या केसांकडं पाहिलं आणि लादी सरळ करून दिली.

गिरमिट बर्फावरून नुसतं घसरत राहिलं. मी अंगाचा भार टाकला तेव्हा ते इंचभर आत गेलं आणि अडकलं. बर्फाचा कीस वर येईना, भोकातच दाबून बसला. दोन मासेवाले हातातलं काम सोडून बघत उभे राहिले. बर्फवाला म्हणाला, "हे मातीचं काम नाही, दीदी. बर्फाला जोर लावायचा नसतो. धार पाहिजे."

मी घरी येऊन पातं भिंगाखाली धरलं. तो बरोबर बोलला होता. मातीचं पातं जाड, आणि मागची बाजू सपाट. ती बाजूच बर्फावर टेकत होती आणि धारेला खाली उतरू देत नव्हती. बाल्कनीत पाट मांडून मी कानशीनं मागची बाजू घासून उतरती केली, मग तेलाच्या दगडावर धार लावली. निवृत्त झाल्यापासून हातात कानस धरली नव्हती. यजमान दारात उभे राहून म्हणाले, "पंचविशीतल्यासारखी दिसतेयस." आमच्या घरी असं कौतुक वारंवार होत नाही, म्हणून लिहून ठेवते.

गुरुवारी पुन्हा सियालदह. या वेळी गिरमिट टेकवलं आणि नुसतं फिरवलं. पांढरा कीस आट्यावरून चढत वर आला आणि काही क्षणांत ते लादीच्या पलीकडं निघालं. बर्फवाल्यानं भोकात बोट घालून कड चाचपली आणि मान डोलावली. मला पदोन्नतीच्या पत्राचा जेवढा आनंद झाला होता त्याहून हा कमी नव्हता.

मी मुलीला सविस्तर कळवलं. सगळा खेळ पात्याचा आहे. मोटर महाग असली आणि पातं बोथट, तर उपयोग शून्य. हातानं फिरवायचं घे, पातं मात्र उत्तमातलं घे, आणि जादा पात्यांचा एक जोड ठेव.

"बरं," एवढंच तिनं लिहिलं. मग दहा दिवस तो विषय निघाला नाही. मी धरून चालले, की तिनं ऐकलं.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. तिकडं शुक्रवारची संध्याकाळ होती. नाक लाल झालेलं, डोक्यावर लोकरीची टोपी, हातात वही.

"आई, तू बरोबर आहे, पण पूर्ण बरोबर नाही."

मी चष्मा लावला.

तिनं शेजारच्या आजोबांचं हातगिरमिट मागून आणलं होतं, आणि बाकीची दोन्ही यंत्रं दुकानातून एका दिवसासाठी भाड्यानं. तिन्ही घेऊन ती एकटी तळ्यावर गेली. आधी जागोजागी बर्फाची जाडी मोजली. मग प्रत्येक गिरमिटानं बारा-बारा भोकं पाडली आणि प्रत्येक भोकाला किती वेळ लागला ते घड्याळ लावून लिहिलं.

"पहिली चार भोकं, हाताचं आणि मशीनचं फार फरक नाही. तुझं पात्याचं म्हणणं शंभर टक्के. पण आठव्या भोकाला माझे हात गेले. आम्हाला तीस मुलांसाठी भोकं पाहिजेत. आणि ती परत गोठतात, परत उघडावी लागतात."

"मग मधलं घे. महागच कशाला?"

"मधलं जड आहे. मी ते ओढत नेलं ना, पाठ धरली. महागड्याची ताकद जास्त नाही, आई. वजन कमी आहे. आणि हात सुटला की ते लगेच थांबतं. मधलं थोडं फिरत राहतं. मुलं आजूबाजूला असणार." ती थांबली, मराठी शब्द शोधला. "मला ते... जोखीम नाही पाहिजे."

"थंडीत बॅटरी उतरेल."

"उतरते. मोजलंय. म्हणून दुसरी बॅटरी जेवणाच्या गरम डब्याच्या पिशवीत ठेवायची. ते पण करून बघितलं."

मी आणखी दोन शंका काढल्या. दोन्हींची उत्तरं वहीत होती. शेवटी मी विचारलं, "एखाद्यानं सुट्टीच्या दिवशी एकट्यासाठी घ्यायचं असेल तर?"

"तर हाताचं. चांगल्या पात्याचं. महाग घेणं म्हणजे शो," ती म्हणाली. "पण आपलं काम वेगळं आहे."

माझ्या हाताखाली तपासणी शिकलेले कितीतरी लोक पुढं मोठ्या पदांवर गेले. त्यांतल्या फार थोड्यांनी मला समोरासमोर, आकडे दाखवून, चूक ठरवलं असेल. मी एका लादीवर एक भोक पाडून निकाल दिला होता. तिनं काम किती, करणार कोण, आजूबाजूला कोण असणार, हे सगळं धरून तपासलं. मी फोनवर एवढंच म्हटलं, "घे तेच. तू पास केलंस, विषय संपला."

फोन ठेवल्यावर यजमान म्हणाले, "लेकीनं तुला नापास केलं की."

"करू दे," मी म्हटलं, आणि चहा टाकायला उठले.

मुलांची तळ्यावरची सहल जानेवारीत झाली. मासे तीनच मिळाले, तेही वीतभर, आणि मुलांनी ते परत सोडले. एका मुलीचा मोजा ओला झाला म्हणून तिला आधी घरी न्यावं लागलं. बाकी सगळं ठीक पार पडलं. पुढच्या हिवाळ्यासाठी शेजारच्या दोन शाळांनी सामान निवडायचं काम माझ्या मुलीकडंच सोपवलं आहे.

तिच्या वहीतल्या त्या दोन पानांचे फोटो मी छापून आणले. आमच्या कारखान्यातली जुनी मंडळी महिन्यातून एकदा जेवायला भेटतात, तिथं ते घेऊन गेले. निम्म्यांना गोठलेल्या तळ्याची कल्पनाच करता येईना. माझ्यानंतर तपासणी विभाग सांभाळणाऱ्या बाईंनी मात्र कागद जवळ ओढला, बोट ठेवत एकेक रकाना वाचला आणि विचारलं, "हे कुणी केलंय? आपल्यापैकी कुणी?"

"माझ्या मुलीनं," मी म्हणाले.