दिवा न लावता वाचलेली ओळ

गल्लीत सगळे त्याला भिंगोबा म्हणायचे. डोळे तपासायचं दुकान, एक चष्मा नाकावर, दुसरा कपाळावर, आणि तिसरा सापडत नाही म्हणून दिवसभर शोधाशोध. गिऱ्हाइकाला "आता स्पष्ट, की मघाशी स्पष्ट?" विचारायची जिभेला इतकी सवय, की बायकोने दोन शर्ट दाखवले तरी तोंडातून तेच निघायचं.

त्या सकाळी शाळेच्या बसचे ड्रायव्हरकाका नजरेचा दाखला न्यायला आले. दरवर्षी यायचे. खुर्चीत बसले आणि समोरच्या तक्त्यावरची शेवटची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ घडाघडा वाचून मोकळे झाले. पंचाईत एवढीच, की भिंगोबाने तक्त्याचा दिवा अजून लावलाच नव्हता.

त्याने दिवा लावून दुसरा तक्ता टांगला. काकांना वरचं वीतभर अक्षरही दिसेना.

"नोकरीची दोनच वर्षं राहिलीत हो माझी," काका म्हणाले. "रस्ता मला पायांनी पाठ आहे."

काकांना बाकावर बसवून भिंगोबाने आतून आक्काला फोन लावला. ही थोरली बहीण कॉलेजात नीतिशास्त्र शिकवायची आणि मीठ मागतानाही फळ्यासमोर उभी असल्यासारखी बोलायची. आधी म्हणाली, परिणाम बघ, एकीकडे चाळीस मुलं, एकीकडे एक नोकरी. त्याला पटलं. मग म्हणाली, कर्तव्यवाद्यांच्या लेखी परिणाम गेले खड्ड्यात, खोटा दाखला तो खोटाच. तेही पटलं. मग म्हणाली, भल्या माणसाने काय केलं असतं ते बघ. भल्या माणसाला काकांची दया आली नसती का, इथे तो अडकला.

"आक्का, यातलं बरोबर कुठलं?"

"परीक्षेत तिन्ही मुद्दे लिहायचे असतात रे," आक्का म्हणाली, आणि तास आहे म्हणून तिने फोन ठेवला.

खरं तर चाळीसपैकी त्याच्या डोळ्यांसमोर एकच मूल होतं, तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसणारी त्याची लेक. बाहेर येऊन तो म्हणाला, सही होणार नाही.

"तुमची पोरगी माझ्या बसमध्ये आहे, म्हणून ना?"

भिंगोबा हो म्हणाला, मग नाही म्हणाला, मग नाकावरचा चष्मा पुसत बसला. ती दुसऱ्या शाळेत असती तर आपण सही ठोकली असती का, हे त्याला काही केल्या कळेना.

काकांनी कोरा दाखला घडी करून खिशात घातला. "एक करा. तिला सांगा, काका गावाला गेले. डोळ्यांचं नका सांगू. रोज उतरताना टाटा करते मला."

"सांगतो," भिंगोबा लगेच म्हणाला. हे खोटं बोलायला त्याला आक्काला विचारावंही लागलं नाही, आणि काका पायऱ्या उतरून गेले तरी तसाच ओशाळून उभा राहिला.