नानांची भाड्याची गाडी

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये किस्से शोधावे लागत नाहीत. शिकायला आलेला माणूस घाबरलेला असतो, आणि घाबरलेला माणूस तोंडाला येईल ते बोलतो! जळगावला नानांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी मॅट्रिक झाल्या झाल्या लागले ती केस पिकेपर्यंत तिथेच राहिले. घरी जाऊन सांगायला संध्याकाळ पुरायची नाही, इतकं ऐकलं.

पण हे किस्से आम्ही सगळ्यात जास्त ज्या दिवसांत सांगितले, ते दिवस हसण्याचे नव्हते. नानांची एकुलती एक लेक सुनंदा लग्न होऊन अमेरिकेला गेली होती. तिचं पहिलं बाळ जन्मलं आणि दुसऱ्याच दिवशी गेलं. तिची आई तर आधीच गेलेली. डॉक्टरांनी विमानप्रवास नको म्हणून सांगितलं, त्यामुळे माहेरी येणंही नाही. जावई फोनवर म्हणाले, "नाना, ती रडत नाही हो. नुसती बसून असते."

नानांनी जायचं ठरवलं. व्हिसा, तिकीट आणि मुंबईहून यायचं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, या तिन्हींची वाट बघत ते ऑफिसात गप्प बसून राहायचे. ती शांतता आम्हाला सोसायची नाही. मग मी काहीतरी जुनं काढायची, नाहीतर आमचे शिकवणारे रफिकभाई काढायचे.

* * *

रफिकभाईंचा लाडका किस्सा बोदवडच्या शेठजींचा. शेठजी लंडनला पुतण्याकडे निघाले होते आणि तिथे गाडी भाड्याने घेऊन फिरणार होते.

नानांनी त्यांचं लायसन्स हातात घेतलं. त्या वेळचं ते पुस्तक, सगळं मराठीत, तेही कारकुनाच्या घाईच्या अक्षरात. नाना म्हणाले, "शेठजी, परमिट काढून घ्या. ते काही वेगळं लायसन्स नसतं. तुमच्याच लायसन्सचं चार भाषांतलं भाषांतर असतं. दोन्ही सोबत ठेवायचं. आणि इथूनच काढून न्यायचं, तिथे गेल्यावर मिळत नाही."

शेठजींना खर्च पटेना. "तिथल्या पोलिसाला हे वाचता येणार नाही, एवढंच ना?"

"एवढंच."

"मग मी वाचून दाखवीन की!"

* * *

दुसरा धुळ्याकडचा एक तरुण. दुबईला चुलत्याकडे चालला होता. आला तो थेट टेबलावर हात टेकून म्हणाला, "इंटरनॅशनल काढी द्या."

मी म्हटलं, "लायसन्स दाखवा."

"लायसन नही शे."

"अहो, मग परमिट कशावर काढायचं?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच अडाणी! म्हणाला, "ताई, मोठं मिळी गयं म्हणजे धाकलं कसाले पाहिजे?"

हे ऐकून नाना पूर्वी पोट धरून हसायचे. त्या दिवशी रफिकभाईंना फक्त एवढंच म्हणाले, "त्याला क्लच तरी येत होता का रे?"

* * *

धुळ्याचे एक डॉक्टर परदेशातून परत आल्यावर मुद्दाम नानांना भेटायला आले होते. जाताना त्यांना कुणीतरी सांगितलं, परमिट वगैरे काही लागत नाही. ते परमिटशिवायच गेले. एका शहरात गाडी मिळाली, कुणी काही विचारलं नाही. पुढच्या शहरात काउंटरवरच्या माणसाने नुसतीच नाही म्हणून मान हलवली.

"म्हणजे लागतं की नाही लागत?" डॉक्टर विचारत होते.

नाना म्हणाले, "कुठे देशाचा कायदा विचारतो, कुठे गाडीवाला विचारतो. कुणीच विचारलं नाही तर तुमचं नशीब. म्हणून खिशात असावं."

डॉक्टर हळहळले. त्यांच्या बाईसाहेब मात्र खुशीत होत्या. "उरलेला सगळा प्रवास बसने केला नाना! लग्नानंतर पहिल्यांदाच मला हे कुठलं गाव, ते कुठलं गाव, असं निवांत बघता आलं. नाहीतर हे गाडी चालवणार आणि मी मांडीवर नकाशा धरून शिव्या खाणार!"

* * *

दोंडाईच्याचे आबा मात्र आम्ही हसण्यासाठी सांगायचो आणि सांगून झाल्यावर आपापल्या कामाला लागायचो.

आबा एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. मुलगा परदेशात. त्याने पत्रात लिहिलं, "आबा, इथले रस्ते बघाच. तुम्हाला एक गाडी घेऊन देतो भाड्याने, हवी तेवढी पळवा." आबांनी परमिट काढलं. ते एका वर्षाचंच असतं. वर्ष संपलं, तिकीट काही आलं नाही. आबांनी पुन्हा काढलं. मग पुन्हा. दर वेळी नवा फोटो, दर वेळी इस्त्रीचा शर्ट.

एकदा वेळ झाली तरी आबा आले नाहीत. मला वाटलं, गेले बहुतेक परदेशी! मग बसस्टँडवर भेटले. मी म्हटलं, "आबा, यंदा परमिट?"

"नाही काढलं पोरी. तो म्हणतो, आता मीच येतो तिकडे."

"अरे वा! कधी?"

आबा बसच्या टायरकडे बघत म्हणाले, "त्याला परमिट लागत नाही ना यायला. कधीही येईल."

* * *

नानांना तिथे गाडी कशाला हवी, हे आधी कुणाला कळेना. जावई भला माणूस. त्यांची स्वतःची गाडी होती, सुट्टी काढायची तयारी होती. शेवटी रफिकभाईंनी विचारलंच.

नाना म्हणाले, "लेकीला मूल झाल्याशिवाय तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी तिच्या आईला म्हणायचो, नातू झाला की दोघं जाऊ आणि तिच्या हातचं पोटभर जेवू. आता काय म्हणून जेवू?"

"म्हणजे तिच्याकडे उतरणार नाही?"

"जवळच लॉज आहे म्हणे. तिथे राहीन. जावयाच्या गाडीत तरी कशाला बसायचं?"

रफिकभाईंना राहवेना. "नाना, ही रीत इथली. तिथे कोण बघतंय?"

"मी बघतोय ना," नाना म्हणाले.

मला तेव्हा राग आला होता त्यांचा. खोटं कशाला बोलू! पोर तिकडे दगडासारखी बसलीय आणि हे पाणी प्यायचं नाही म्हणतात. पण नानांना सांगणार कोण?

* * *

परमिट आलं, व्हिसाही आला. रफिकभाईंना आता वेगळीच काळजी. "नाना, तिकडे स्टेअरिंग डावीकडे. जमेल?"

"अरे, मी आयुष्यभर डावीकडेच बसलोय," नाना म्हणाले. "शिकणारा उजवीकडे, मी डावीकडे. फक्त स्टेअरिंग तेवढं नव्हतं माझ्यापुढे!"

किती दिवसांनी ते असं बोलले होते. आम्ही दोघं गरजेपेक्षा जास्त हसलो.

तरीही सरावासाठी ते पहाटे मेहरूण तलावाच्या बाजूला फियाट घेऊन जायचे आणि रिकाम्या रस्त्यावर उजव्या बाजूने चालवायचे. एकदा समोरून दूधवाला आला. सायकल कशीबशी सावरून ओरडला, "नाना! बठ्ठं गाव तुमनाकडथून शिकनं, आनि आज तुम्हीच उल्टा?"

नानांनी गाडी थांबवली आणि काच खाली केली. "लेकीकडे जातोय रे," म्हणाले.

दूधवाल्याला काहीच उलगडलं नसणार. पण रफिकभाई सोबत होते, त्यांनी सांगितलं, तो सायकल धरून गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभा होता.

* * *

निघायच्या आदल्या दिवशी मी डिंकाचे लाडू करून नेले. देताना लक्षात आलं. ते बाळंतिणीचे लाडू, आणि घरात बाळ नाही. म्हटलं, "नाना, चुकलं असेल तर राहू द्या."

नानांनी डबा माझ्या हातातून घेतला. "बाळ गेलं, मंगल. बाळंतीण आहे ना अजून."

* * *

पुढचं सगळं सुनंदाने सांगितलं. वर्षभराने ती जळगावला आली तेव्हा, आमच्या ऑफिसच्या बाकावर बसून.

विमानतळावर जावई घ्यायला गेले होते. नाना त्यांना म्हणाले, "तुमची गाडी पुढे घ्या, मी मागून येतो," आणि थेट भाड्याच्या गाड्यांच्या काउंटरवर गेले. जावईही मागोमाग आले. तिथल्या मुलीने लायसन्स उलटंसुलटं करून पाहिलं आणि परत सरकवलं. हे वाचता येत नाही, गाडी देता येणार नाही. मग नानांनी परमिट पुढे ठेवलं. तिने त्यातलं इंग्रजी पान वाचलं, फोटो पाहिला, मान डोलावली आणि लिहिता लिहिता विचारलं, "कुठे कुठे जाणार?"

"कुठेच नाही," नाना म्हणाले. "मुलीच्या दारात उभी करायची आहे."

तिने जावयांकडे पाहिलं. जावई जमिनीकडे बघत होते. तिने किल्ली दिली.

घरासमोर रस्त्याच्या कडेला नानांनी गाडी लावली. आत गेले नाहीत. पायरीवर उभं राहून हाक मारली, "सुनंदा, न्यायला आलोय. चल."

ती घरातल्या चपलांवर, अंगावर शाल घेऊन बाहेर आली. नानांनी दार उघडलं, तिला बसवलं, आणि फेरा घालून स्टेअरिंगपाशी येऊन बसले. गाडी काही सुरू केली नाही.

ती म्हणाली, "कुठे जायचं नाना?"

"आलीस की," नाना म्हणाले. "बस निवांत."

त्यांनी डबा उघडून लाडू तिच्या हातात दिला. तो अर्धा खाल्ला आणि ती रडायला लागली. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा. मोठ्याने, गावाकडे रडतात तशी. नाना समोर बघत बसून राहिले, एक हात तिच्या डोक्यावर. जावई आतून पांघरूण घेऊन आले, खिडकीतून आत दिलं आणि परत गेले.

त्यानंतर रोजच असं. सकाळी नाना लॉजवरून येणार, गाडी दारात लावणार, ती येऊन बसणार. दुपारी मागच्या सीटवर आडवी होऊन झोपणारसुद्धा. शेजाऱ्यांना हे विचित्र वाटलं असणार. अनोळखी म्हातारा, तासन् तास गाडीत, शेजारी रडणारी बाई. कुणीतरी पोलिसांना कळवलं.

पोलिसाने काचेवर टकटक केली. नानांनी लायसन्स आणि परमिट दोन्ही दिलं. त्याने पानं उलटून सावकाश पाहिली. मग वाकून सुनंदाला विचारलं, "बाई, तुम्ही कुठे राहता?"

तिने समोरच्या घराकडे बोट केलं.

"मग इथे काय करताय?"

माहेर या शब्दाला इंग्रजीत काय म्हणायचं ते तिला सुचेना. ती म्हणाली, "मी माझ्या वडिलांच्या घरी आलेय."

पोलिसाने समोरच्या घराकडे पाहिलं. मग गाडीत पाहिलं. मागच्या सीटवरचं पांघरूण, पुढे ठेवलेला लाडवांचा डबा, पाण्याचा थर्मास, तिच्या काढून ठेवलेल्या चपला. त्याने परमिट बंद करून दोन्ही हातांनी नानांना परत दिलं. टोपी सारखी केली.

"घर छान आहे," तो नानांना म्हणाला, आणि गेला.