समोरच्या काकांचा दुसरा फ्रिज

अख्ख्या पुण्यात कच्च्या मटणाची निगा कशी राखावी हे नेमकं ठाऊक असलेला माणूस एकच आहे, आणि त्याने जन्मात मटणाचा एक तुकडाही तोंडात घातलेला नाही. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो आहे. हे गृहस्थ धायरीला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात आणि सगळी इमारत त्यांना काका म्हणते. जन्म नारायण पेठेतला, उभी नोकरी एका कॉलेजातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत, आणि आता निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. चातुर्मासात कांदा-लसूण बंद. वाढदिवसाच्या केकमध्ये अंडं आहे असा नुसता संशय आला तरी बशी हळूच शेजाऱ्याकडे सरकवतात. पण खाटकाच्या दुकानातून निघालेली पिशवी आमच्या ओट्यावर पोहोचेपर्यंत तिच्यावर काय काय प्रसंग गुदरले, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं.

आम्ही अकोल्याहून इथे राहायला आलो, त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मी चिकन घेऊन जिना चढत होतो आणि काका उतरत होते. त्यांची नजर पिशवीवर गेली आणि ते थांबले. शाकाहारी शेजारी अशा वेळी काय काय बोलतात याच्या गोष्टी मी ऐकून होतो, त्यामुळे मनातल्या मनात उत्तराची जुळवाजुळव सुरू केली. काका म्हणाले, "किती वाजता घेतलंत?" मी म्हटलं, नऊला. त्यांनी घड्याळ पाहिलं. "आत्ता पावणेअकरा. मधल्या वेळात कोंबडीला सिंहगड दाखवून आणलात का?" मी सांगितलं की वाटेत भाजी घेतली, इस्त्रीचे कपडे घेतले, एक मित्र भेटला. "अहो, मग कोंबडी शेवटी घ्यायची. इस्त्रीचे कपडे नासत नाहीत," एवढं बोलून ते खाली गेले. मी भांडणाची तयारी केली होती, ती तशीच घेऊन घरात आलो.

या वेडामागचं कारण कळायला महिना गेला. काकांना एकुलता एक मुलगा, सून सांगलीची, दोघंही नोकरीला खराडीत. रविवारी मटणाचा रस्सा असतोच अशा घरातली ती मुलगी, पण लग्नानंतर दोन वर्षं तिने सासरी मटणाचं नावही काढलं नव्हतं. काकू वाईट नव्हत्या, सुनेवर त्यांची मायाच होती. त्यांचं म्हणणं एकच, "तिनं बाहेर काय हवं ते खावं. माझ्या ओट्यावर नको." म्हणून ती बाहेर खायची. एकदा कुठल्याशा गाडीवरची शिळी बिर्याणी अशी काही बाधली, की चार दिवस दवाखान्यात सलाईन लावून पडून होती. घरी आल्यावर मुलगा खराडीत भाड्याचे फ्लॅट बघायला लागला आणि काकांनी धास्ती घेतली. मला म्हणाले, "घरात शिजलं तर ती राहील. आणि एकाचा थेंब दुसऱ्याला न लागता शिजू शकतं, हे हिला पटलं तर घरात शिजेल. पटवायला प्रात्यक्षिक पाहिजे, आणि ते माझ्या घरात करता येत नाही." अशा रीतीने आमचं स्वयंपाकघर काकांची प्रयोगशाळा झालं.

पहिला खटका उडाला माझ्या आईशी. आई कोंबडी धुवायची ती नळ पूर्ण सोडून, चांगली रगडून, तीन-तीन पाण्यांनी. दोन्ही घरांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात. तिथून तो नळाचा आवाज ऐकून काका थेट आमच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "आधी तो नळ बंद करा. कोंबडी धुऊन जंतू जात नाहीत, ते फक्त घर बदलतात." ते गेल्यावर आई मला म्हणाली, "न धुताच शिजवाची काय कोंबडी? काहीबाही सांगते बाप्पा हा मानूस!" ते खिडकीतून ऐकू गेलं असणार, कारण पाचच मिनिटांत काका एक बटाटा, निळ्या शाईची दौत आणि जुनी वर्तमानपत्रं घेऊन परत आले. कोंबडीला ते स्वतः हात लावणं शक्यच नव्हतं, म्हणून तिच्या जागी बटाटा. त्याला शाई फासली, सिंकच्या भोवती कागद पसरले आणि आईला म्हणाले, "आता या कोंबडीला तुमच्या पद्धतीनं आंघोळ घाला." आईने घातली. कागदांवर निळे ठिपके उडाले, भिंतीवर उडाले, आणि हातभर अंतरावर कोशिंबिरीसाठी सोलून ठेवलेल्या काकडीवरही तीन ठिपके दिसले. आईने ती काकडी उचलून कचऱ्यात टाकली. शेवटी तह झाला. चिकन धुवायचंच नाही, पाणी असेल तर कागदाने टिपून घ्यायचं. मटणावर हाडाचा चुरा आणि केस असतात, म्हणून ते पातेल्यातल्या पाण्यात अलगद बुडवून काढायचं. नळाखाली काहीही धरायचं नाही. नंतर सिंक, सुरी आणि हात साबणाने धुवायचे, आणि मग काकडीला हात लावायचा. मारणारे जंतू मरतात ते शिजताना, हे वाक्य आई आता स्वतःचं म्हणून अकोल्याच्या नातेवाइकांना फोनवर ऐकवते.

मग पाळी आली गोठवण्याची. मी दोन किलो मटण एकाच पिशवीत कोंबून फ्रीझरमध्ये ठेवायचो आणि लागेल तेव्हा वरवंट्याने फोडायचो. काकांना हे कळलं त्या दिवशी ते खुर्चीवर बसलेच. "वरवंटा? अहो, आपण स्वयंपाक करता की खाण खणता?" त्यांनी एका जेवणाचा एक असे वाटे करायला लावले. पिशव्यांतली हवा काढून त्या थापून चपट्या केल्या, म्हणजे लवकर गोठतात आणि लवकर सुटतात. प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून, आयुष्यभर काचेच्या नळ्यांवर गिरवलेल्या त्या बारीक अक्षरात तारीख आणि मजकूर लिहिला. आमच्या फ्रीझरमध्ये तेव्हापासून "नमुना : शेळी, मांडी, दोन माणसांपुरता" अशा चिठ्ठ्या असतात. बायकोने एकदा विचारलं, एवढ्या थंडीत जंतू मरत असतील ना? काका म्हणाले, "छे! वामकुक्षी घेतात. ऊब मिळाली की उठून कामाला लागतात." त्यामुळे गोठलेलं मटण ओट्यावर ठेवून ऑफिसला जाणं हा त्यांच्या लेखी गुन्हा होता. आदल्या दिवशी फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, काठ असलेल्या ताटलीत, झाकून ठेवायचं. घाईच असेल तर घट्ट बांधलेली पिशवी गार पाण्यात, आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं. एकदा अचानक पाहुणे आले तेव्हा काका गळ्यात गजराचं घड्याळ अडकवून दर अर्ध्या तासाने बेल वाजवत होते. पाहुण्यांना वाटलं, यांनाही जेवायला बोलावलंय आणि आम्ही वाढायचं नाव घेत नाही.

इतकं सगळं झाल्यावर काकांनी काकूंपुढे विषय काढला. त्यांचा युक्तिवाद मला अजूनही बिनतोड वाटतो. ते म्हणाले, "ओल्या हातानं लोणच्याच्या बरणीला हात लावला की तू ओरडतेस. सोवळ्याचं पाणी वेगळं, भांडं वेगळं, जागा वेगळी. मी प्रयोगशाळेत चौतीस वर्षं दुसरं काय केलं?" काकू म्हणाल्या, "ते लोणचं आहे." पण पंधरा दिवसांनी गॅलरीत एक छोटा फ्रिज आला. शेजारी विजेची शेगडी, लाल दोरा बांधलेली वेगळी भांडी आणि वेगळी सुरी आली. काकूंची अट एकच होती, की एकादशी, चतुर्थी आणि श्रावणात त्या फ्रिजचं दार उघडायचं नाही. काकांनी शब्द दिला. खराडीतले फ्लॅट बघणं थांबलं आणि सुनेच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा घरच्यासारखं हसू दिसलं.

पुढे तिचे आई-वडील सांगलीहून यायचे ठरले. लग्नानंतर पहिल्यांदाच मुक्कामाला येत होते. "बाबा, त्यांना माझ्या हातचं मटण घालायचंय, इथे, आपल्या घरात," असं ती सासऱ्यांना म्हणाली. काकांनी उत्साहाने दीड किलो मटण आठवडाभर आधीच आणवलं, नमुना म्हणून चिठ्ठी लावली आणि गोठवलं. माणूस इतका शास्त्रशुद्ध, पण त्याने कॅलेंडर बघितलं नाही. पाहुणे यायचे द्वादशीला दुपारी. म्हणजे मटण फ्रीझरमधून खाली काढायचं एकादशीला. हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा एकादशीची सकाळ होती. मी म्हटलं, काका, मी येऊन काढून ठेवतो. ते म्हणाले, "दार कोणी उघडायचं असं ठरलेलं नाही. दार उघडायचं नाही, असं ठरलंय." दिवसभर ते साबुदाण्याची खिचडी पुढ्यात घेऊन गॅलरीकडे बघत होते. शेवटी असं ठरलं, की द्वादशीला उजाडल्याबरोबर पिशव्या गार पाण्यात घालायच्या आणि पाणी बदलायला मी मदतीला यायचं.

सकाळी सहाला मी बादली घेऊन हजर झालो. काकांनी फ्रिजचं दार उघडलं आणि तसेच उभे राहिले. फ्रीझर रिकामा होता. खालच्या कप्प्यात, काठ असलेल्या ताटलीत, वर झाकण घालून दीड किलो मटण व्यवस्थित मऊ झालेलं होतं. सून म्हणाली, "बाबा, मी नाही हो काढलं." मुलगा तर अजून उठलाच नव्हता. स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "काय बघताय? वर्षभर त्या खिडकीतून तुमचं व्याख्यान ऐकतेय. बहिरी नाही झाले मी." त्यांनी एकादशीच्या सकाळी, सगळे आंघोळीपांघोळीत असताना, हाताला दुधाच्या रिकाम्या पिशव्या बांधून ते वरून खाली ठेवलं होतं आणि मग पुन्हा डोक्यावरून पाणी घेतलं होतं. "लेकीच्या घरी पहिल्यांदा येताहेत ते. दगड वाढणार होतात का त्यांना?" असं म्हणून त्या चहा गाळायला लागल्या. सून आत गेली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली. काका माझ्याकडे वळून फार कोरड्या आवाजात म्हणाले, "बादली न्या आता. काही काम नाही तिचं." त्यांचे डोळे भरले होते, हे मी पाहिलं नाही असं दाखवलं.

गोष्ट इथेच संपली असती तर मला बरं वाटलं असतं. पण धायरी ते खराडी जायला पावणेदोन तास आणि यायला दोन. पुढे बाळ झालं, सून पुन्हा नोकरीवर जाऊ लागली, आणि गेल्या वर्षी ते दोघं शेवटी खराडीला राहायला गेले. कोणाचं भांडण नाही, रुसवा नाही. सून तर जाताना रडली. काका मला म्हणाले, "जंतूंवर इलाज होता हो. या रस्त्यावर माझ्याकडे इलाज नाही." टेम्पोत सामान चढत असताना मुलाने तो छोटा फ्रिज उचलायला घेतला, तेव्हा काकूंनी त्याला थांबवलं. म्हणाल्या, "तो राहू दे. रविवारी आलात की तिला काय वरणभात घालू?"

ते येतात रविवारी. दर रविवारी नाही, जमेल तसे. काका मात्र, काकूंच्या अटीचे दिवस सोडले तर, दर शनिवारी सकाळी एक पिशवी फ्रीझरमधून खालच्या कप्प्यात ठेवतात. कधी कधी रविवारी नऊच्या सुमाराला त्यांच्याकडे फोन वाजतो, थोडं बोलणं होतं, बाळाला फोनवर हाका मारल्या जातात. आणि एकदा सुटलेलं मटण पुन्हा गोठवायचं नाही, हा काकांचा नियम कोणासाठीही बदलत नाही. मग आमची बेल वाजते. दारात काका ताटली धरून उभे असतात, चेहरा एकीकडे, ताटली जमेल तितकी लांब. "आज आपल्याकडे काही ठरलं नसेल तर बघा. नमुना उत्तम आहे, वाया जाऊ नये," एवढं म्हणतात आणि मी ताटली घेतली की लगेच हात धुवायला घरी जातात. त्या रविवारी आमच्याकडे रस्सा फार सुरेख होतो, मुलं बोटं चाटून जेवतात. पण घास तोंडात घालताना दर वेळी मला वाटतं, हे आज आम्ही खायला नको होतं.