लंगडी मांडणी

मोबाईलवरच्या डावात मी हरायला आलो होतो म्हणून मोबाईलचा डेटा बंद केला आणि अंकुशला फोन करून सांगितलं, "रेंज गेली बे सिरसाळ्याची." ही माझी चूक. तो एवढंच म्हणाला, "बरं. आली की ये. मी हाय हितंच."

चौथ्या दिवशी अंकुश गेला. कावीळ अंगावर काढत होता, मला बोललाच नव्हता. डाव अर्धाच राहिला...

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. चौकात उतरवून टाकलेलं लिंबू मी बुटानं उडवत जातो. तरी लिहितोय, कारण सांगायला आता तो नाही आणि बाकीचे हसतात.

सिरसाळ्यात स्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे. अंकुश गेवराईकडचा, तलवाड्याचा. बीडला आयटीआयला एका बाकावर होतो, नंतर दोघं आपापल्या गावी. मधलं अंतर मोबाईलवरच्या एका गेमनं भरून काढलं — तोच, वरून ठोकळे पडणारा. दोघं समोरासमोर. आपली ओळ भरली की समोरच्याच्या बुडाशी नको असलेल्या ठोकळ्यांचा कचरा जाऊन बसतो. सात तऱ्हेचे ठोकळे, आणि पहिल्या सातांत प्रत्येक एकदा येतोच. म्हणून पट्टीचे खेळाडू सुरुवातीची मांडणी पाठ करून ठेवतात, कुठला ठोकळा कुठं टेकवायचा ते. सगळे भिंतीला चिकटून सुरू करतात.

मला ते जमेना. माझा मोबाईल मोपेडवरून पडलेला, काचेची डावी कड मेलेली. ठोकळा बोटानं ओढून न्यायचा असतो, आणि डावीकडच्या शेवटच्या खणात माझं बोट चालायचंच नाही. नवा मोबाईल घे, असं कुणीही म्हणालं असतं. अंकुशनं चार दिवस डोकं लावून माझ्यासाठी वेगळी मांडणी काढली. डावा खण मोकळाच सोडायचा, आणि शेवटी मधे उंचवटा असलेला ठोकळा — आमच्यात त्याला 'वशिंड' म्हणायचे — शेजारी उभा करून नुसता फिरवायचा. फिरताना तो आपोआप मेलेल्या खणात शिरतो. बोट न्यायची गरजच नाही.

"हिचं नाव लंगडी," तो म्हणाला. "तुझ्या मोबाईलसारखी. आन् तुझ्यासारखी."

शाबूत काचेवर लंगडी खेळण्यात काही अर्थ नाही, उलट तोटाच. पण माझ्याशी खेळताना तोही लंगडीच लावायचा. "बरोबरीनं हरवतो तुला," म्हणायचा. त्याची एक खोड होती — वशिंड बसवायच्या आधी उगाच चार वेळा गरागरा फिरवायचा, कुत्रं बसायच्या आधी फिरतं तसं.

तो गेल्यावर मी गेम उघडला नाही. नवा मोबाईल घेतला, त्याची डावी कड ठणठणीत. तिचं करायचं काय, हा प्रश्नच होता.

सात महिन्यांनी, भर दुपारी, दुकानात चिटपाखरू नव्हतं. इन्व्हर्टरवर पंखा कुरकुरत होता. बोट आपोआप गेमवर गेलं. नाव न देता शिरलो, तसाच एक बिननावाचा समोर आला. 'पाहुणा' एवढंच लिहिलेलं.

पाहुण्यानं पहिला ठोकळा ठेवला. डावा खण सोडून.

दुसरा. डावा खण सोडून.

योगायोग म्हटलं. सातव्याला वशिंड आलं. उभं राहिलं... आणि फिरलं. एक, दोन, तीन, चार. मग शिरलं आत.

माझे ठोकळे माझ्याच डोक्यावर पडत होते आणि मी बघत होतो. जिंकलो तरी डाव संपणार, हरलो तरी संपणार. मला दोन्ही नको होतं. मी मुद्दाम सावकाश रचायला लागलो. पाहुणाही कचरा टाकेना. नुसता रचत राहिला, माझ्या चालीनं. गावाकडं सायकल हातात धरून दोघं सोबत चालतात तसं.

तेवढ्यात एक म्हातारे दारात आले. "सातबारा काढायचाय, मालक."

"रेंज गेलीय, बाबा," मी मान वर न करता म्हणालो.

त्याच क्षणी पाहुण्याचं वशिंड हवेत थांबलं. खाली येईना. नुसतं फिरत राहिलं, फिरत राहिलं... चार नाही, चाळीस वेळा असेल. वाट बघितल्यासारखं.

"आली बे," मी स्क्रीनला म्हणालो. "आली रेंज. खेळ."

म्हातारे दोन पावलं मागं सरले. वशिंड खाली बसलं. आणि मग त्यानं मला जे धुतलं! डेटाच्या बटणापर्यंत बोट गेलं होतं, खोटं कशाला सांगू. पण मागं घेतलं. शेवटच्या ठोकळ्यापर्यंत बसलो आणि रीतसर हरलो.

'पुन्हा खेळा' दाबलं. समोर कुणी नव्हतं.

पुरावा म्हणून स्क्रीनशॉट काढला, तो माझ्या पराभवाचा. बाकी त्यात काही दिसत नाही.

पुढच्या रविवारी तलवाड्याला गेलो. अंकुशची आई, मी तिला मावशी म्हणतो, ओट्यावर ज्वारी निवडत होती. मी मोबाईलबद्दल विचारलं तसं तिनं पेटीतून रुमालात गुंडाळलेला आणून दिला. बॅटरी फुगून पाठ वर आलेली. तो गेल्यापासून कुणी चालूच केला नव्हता, सिमही बंद. दुसऱ्या कुणाची तशीच काच फुटलेली असेल, त्यालाही तीच युक्ती सुचली असेल... असेल. पण ते चार फेरे? आणि ते थांबणं?

मावशीला सगळं सांगितलं. शेवटी तेही सांगितलं, सात महिने गिळून बसलो होतो ते — "मावशी, त्या दिवशी रेंज गेली नव्हती. मी खोटं बोललो त्याच्याशी."

तिनं सूप खाली ठेवलं. पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतेय. हसत होती.

"ठावं हुतं की त्याला. अंगात ताकद न्हवती, तरी पोट धरून हसला त्या दिवशी. म्हनला, आई, रेंज गेली हे सांगाया फोन करतंय बघ येडं!"