राजाचा सातबारा

परवा हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीचा वास आला आणि बाळापूरचं अंगण आठवलं. मावशी हळद निवडत होती. मी तिला माझी पहिली रहस्यकादंबरी वाचून दाखवत होते. इजिप्तचं थडगं, ममीच्या पट्ट्यांत खंजीर, आणि खुनी थेट शेवटच्या पानावर.

दुसऱ्याच पानाला मावशीनं विचारलं, "राजा मेल्यावर सातबारा कोणाच्या नावावर झाला?"

"राज्य धाकट्या भावाला मिळालं."

"मग त्यानंच मारलं."

माझी वर्षाची मेहनत मातीत गेली. माझा चेहरा बघून मावशी म्हणाली, "वाच गं पुढं. मला काय कळतंय त्यातलं!"

शेवटी धाकटा भाऊ पकडला गेला, तेव्हा ती एवढी दचकली की मांडीवरचं हळदीचं सूप उपडं झालं.

कितीतरी वर्षं मला ते दचकणं खरं वाटत होतं.