जाड मेणबत्त्या

"बास! अगं, बास म्हणते ना!"

"एवढी एकच बुडी."

"एकच एकच करत मनगटाएवढ्या झाल्या की! या काय मेणबत्त्या म्हणायच्या? मुसळं आहेत मुसळं! आण ती दांडी इकडं."

धाकटीनं दांडी दिली नाही. उलट कोपर आडवं घालून ती भांड्यावर वाकली आणि दांडीवर लोंबणाऱ्या मेणबत्त्या तिनं पुन्हा वितळलेल्या मेणात सरळ खाली सोडल्या. वर काढल्या, थेंब निथळू दिले. हात असा की गवंड्यानं ओळंबा सोडावा. त्या हाताला नाव ठेवायला जागाच नव्हती. फक्त थांबायचं कुठं, ते त्याला कळेनासं झालं होतं.

टपरीसमोर एक बाई मोबाइल धरून फोटो काढत होती. ती म्हणाली, "आजी, एवढी जाड कुठं लावायची हो? आमच्या स्टँडमध्ये जाणार नाही ही."

"ती नुसती बघायला आहे. तुमच्यासाठी या," असं म्हणत थोरलीनं बेताच्या मेणबत्त्यांची एक जोडी पुढं केली.

शेजारच्या टपरीतला टोपीवाला मान काढून ओरडला, "आजी, ती जाडी मला ठेवा. चोर आला तर डोक्यात घालायला बरी!"

"चोर कशाला येतोय तुझ्याकडं? तुझ्या टोप्या घालून थंडी वाजते म्हणतात गिऱ्हाईकं."

टोपीवाला खदखदून हसला. थोरलीही हसली. पण हसता हसता तिनं ती जाड मेणबत्त्यांची दांडी गोडीगुलाबीनं काढून घेतली आणि टपरीच्या फळीखाली, जुन्या चादरीनं झाकलेल्या खोक्यात रिकामी केली. खोकं भरत आलं होतं.

शहराच्या मोठ्या चौकात नाताळचा बाजार भरला की या दोघी बहिणींची टपरी ठरलेल्या जागी, लाकडी घोड्यांच्या फिरत्या चक्राला पाठ लावून उभी राहायची. डोक्यावर दिव्यांच्या माळा, पायाखाली चिखल होऊ नये म्हणून टाकलेला लाकडाचा भुसा, मधोमध ट्रकमधून आणून उभं केलेलं उंचच्या उंच झाड, आणि कर्ण्यातून दिवसभर तेच ते घंट्यांचं गाणं. पहिल्या दिवशी ते गाणं गोड वाटायचं. चौथ्या दिवशी टोपीवाला कानात लोकर घालून बसायचा.

बाकी टपऱ्यांत तयार माल असायचा, कागदी चांदण्या, काचेचे गोळे, लोकरीचे मोजे. यांच्या टपरीत मेणबत्ती लोकांच्या डोळ्यांदेखत तयार व्हायची. उभं अरुंद भांडं, ते गरम पाण्यात ठेवलेलं, आत पातळ मेण. लांब वात मधोमध दुमडून दांडीवर टाकायची म्हणजे दोन टोकं खाली लोंबतात. ती बुडवायची, काढायची, निववायची, पुन्हा बुडवायची. दर बुडीला कांद्याच्या पापुद्र्याएवढं मेण चढतं. अशा एका वातीला दोन मेणबत्त्या होतात, आणि गिऱ्हाईक आलं की मगच मधली वात कात्रीनं कापायची.

या कामाला माणसं दोन लागतात. एक बुडवणारं आणि एक शेजारी उभं राहून दांडी घेणारं, टांगणारं, जाळ बघणारं. बुडवायची धाकटी. दांडी घ्यायची थोरली. आईच्या वेळेपासून असंच.

आईनं दोघींना एकाच दिवशी भांड्यासमोर उभं केलं होतं. थोरलीच्या मेणबत्त्या एक काडी तर एक काठी अशा निघाल्या. मग आईनं एक फळी घेतली, तिला स्टँडच्या मापाचं भोक पाडलं आणि थोरलीच्या हातात दिली. मेणबत्ती भोकातून अडत अडत गेली म्हणजे झाली. धाकटीला फळी कधी लागलीच नाही. तिची प्रत्येक मेणबत्ती बहिणीला बहीण शोभावी अशी. आई आल्यागेल्याला सांगायची, "धाकटीचा हात सोन्याचा आहे." थोरली तिथंच दांड्या टांगत उभी असायची. कानामागून आली नि तिखट झाली, हे तिच्या मनात किती वेळा येऊन गेलं असेल! पण दांडी घ्यायला तिनं कधी उशीर केला नाही.

थोरलीचं लग्न झालं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "झालंय की, मेणाशी. नवरा तापट आहे, चटके देतो, पण सोडून जात नाही." धाकटीचं झालं. नवरा ट्रक चालवायचा. एका वळणावर ट्रक गेला नि तोही गेला. धाकटी कडेवर पोर घेऊन परत आली. थोरलीनं दार उघडलं, पोरीला घेतलं आणि म्हणाली, "आधी जेव. रडायचं ते मग रड." त्या पोरीची वेणी थोरलीनं घातली, तिच्या शाळेत थोरली भांडायला गेली. पुढं ती पोर शिकली, दोन-तीन तासांच्या वाटेवर दुसऱ्या गावी नोकरीला लागली, तिथंच संसाराला लागली. घरात पुन्हा दोघीच उरल्या.

मग धाकटी विसरायला लागली. आधी चष्मा, मग चूल, मग घराची गल्ली. डॉक्टरांनी त्याला लांबलचक नाव सांगितलं. थोरली म्हणाली, "एवढं मोठं नाव लक्षात ठेवायला लागतंय म्हणजे आता मलाही तोच आजार होणार."

पण बाहेर ती हसली, तेवढी आत हसली नाही. धाकटी आता सकाळी चहाचे तीन कप भरायची. तिसरा कप दाराजवळच्या स्टुलावर ठेवून म्हणायची, "येईल एवढ्यात." थोरलीला वाटायचं, लेकीची वाट बघते बिचारी.

लेकीनं फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "मावशी, माझ्या घराजवळ अशा माणसांना सांभाळणारं घर आहे. चांगलं आहे, मी बघून आले. आईसाठी खोली धरून ठेवलीय. तू म्हणतेस ती कामावर बरी असते, तर शनिवारी मी बाजार बघायला येते. बरी दिसली तर नाही म्हणून कळवते. पण उकळतं मेण आहे, मावशी. खरं सांग, ऐकते ना तुझं?"

"माझं नाही ऐकणार तर कुणाचं ऐकेल? जन्मभर ऐकत आली."

झाकली मूठ सव्वा लाखाची. थोरली रोज बाजार उघडायच्या आधी येऊन खोक्यातल्या जाड मेणबत्त्या मोडायची आणि पुन्हा भांड्यात टाकायची. काल धाकटीनं ज्या मेणाची मुसळं केली, त्याच मेणाची आज पुन्हा व्हायची. विकायला लागतील तेवढ्या थोरली स्वतः करायची, फळीनं मापून; तेवढ्यापुरती दांडी घ्यायला धाकटी शेजारी असायची. एकदा तिनं ती भोकाची फळी धाकटीपुढंही धरली होती. धाकटीनं ती हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि परत दिली. "ही शिकाऊ लोकांची आहे," म्हणाली. थोरलीला राग आला. फळी पुढं करताना मनात थोडं बरंही वाटलं होतं, म्हणून मग स्वतःचाही आला.

शनिवारी थोरलीनं जाळ अगदी बारीक ठेवला. घरात जपून ठेवलेल्या गेल्या वर्षीच्या मेणबत्त्या, धाकटीच्या हातच्या शेवटच्या चांगल्या, तिनं आणून दांड्यांवर टांगल्या. धाकटीच्या हातात कात्री दिली. "आज मेण निवू दे. तू नुसत्या जोड्या काप."

लेक दुपारी आली. तिला बघताच धाकटीचा चेहरा उजळला. "आलीस? कान बघ कसे गार पडलेत! टोपी कुठाय? शेजारी टोप्यांचं दुकान आणि माझी पोर बोडकी!" असं म्हणत तिनं लेकीचे कान दोन्ही तळव्यांत धरले. टोपीवाल्यानं लगेच एक लाल टोपी पुढं केली.

गर्दी मायंदाळ होती. धाकटी गिऱ्हाइकाला विचारायची, "कापून देऊ का जोडीच हवी?" कात्री बरोबर मधोमध लागायची. दांड्या एकामागून एक रिकाम्या होत होत्या. लेक कडेला उभी राहून बघत होती. बघता बघता तिचे डोळे भरून आले.

"मावशी, मी उगाच घाबरले गं. किती छान आहे ती इथं. आणि मेणबत्त्या तर तशाच, एकसारख्या!"

"मग? सांगत नव्हते मी?" थोरली म्हणाली आणि पायानं खोकं आणखी आत ढकललं.

"चहा आणते तिघींना. मग त्या लोकांना फोन करून नाही म्हणून सांगते."

लेक गर्दीत शिरली. थोरलीनं लांब श्वास सोडला. तेवढ्यात धाकटी जवळ सरकली आणि खालच्या आवाजात म्हणाली,

"बाई, एक सांगू? राग मानू नका. तुम्ही आता घरी गेलात तर बरं. माझी ताई यायची वेळ झाली."

थोरलीच्या हातातली दांडी हातातच राहिली.

"परकं माणूस भांड्याजवळ उभं राहिलेलं तिला चालत नाही. तोंडानं जरा फटकळ आहे. मनात काही नसतं."

थोरलीनं विचारलं, "कधीची गेलीय तुमची ताई?"

"काय माहीत! रोज चहा ठेवते तिचा, गार होतो." धाकटीनं आजूबाजूला बघितलं. "तिच्यावाचून माझं काम अडलंय हो. सगळे म्हणतात माझा हात सोन्याचा. कसला सोन्याचा! मला काही कळत नाही जाड-बारीक. मी आपली बुडवत राहते. ताई हात पुढं करते नि 'बास' म्हणते, तिथं मी थांबते. पहिल्यापासून तसंच." मग ती तोंडाला पदर लावून हसली. "तिला सांगू नका हं. डोक्यावर चढून बसेल."

"पण मी म्हणते की रोज 'बास'."

"तुम्ही म्हणता हो," धाकटी समजूत घातल्यासारखी म्हणाली. "पण तुमचं ऐकून कसं चालेल? ताई म्हणेल तेव्हाच थांबायचं."

चक्रावरचे लाकडी घोडे वर-खाली होत फिरत होते. समोर एक गिऱ्हाईक मेणबत्ती हातात धरून केव्हाचं विचारत होतं, थोरलीला ऐकू आलं नाही. शेवटी टोपीवाल्यानंच उठून जोडी कापून दिली.

लेक चहा घेऊन आली. पेले फळीवर ठेवून तिनं फोन काढला.

"ठेव तो," थोरली म्हणाली.

"का गं?"

थोरली खाली वाकली, खोकं ओढून काढलं आणि चादर उचलली. आत जाड मेणबत्त्या एकावर एक पडल्या होत्या, काही तर हातात न मावणाऱ्या.

"या तिच्या. त्या टांगलेल्या गेल्या वर्षीच्या."

लेकीनं खोक्याकडे बघितलं, मग मावशीकडे. "म्हणजे तू मला…"

"हो, फसवलं. शिव्या मग दे. माझं 'बास' तिला पोचत नाही आता. उद्या हात मेणात घालायला लागली तरी मी ओरडून उपयोग नाही. तिच्या लेखी मी कुणीतरी बाई आहे."

"मावशी, तुला विसरेल ती? तुला?"

"मला नाही विसरली. माझी वाट बघते. पण माझ्यात मला ओळखत नाही." थोरलीनं नाक पदराला पुसलं. "ने तिला."

"नाताळ झाल्यावर नेते ना."

"आजच ने. उद्या मी नाही म्हणेन."

लेकीनं आईच्या कोटाची बटणं लावली. धाकटी मुकाट्यानं उभी राहिली. लेकीबरोबर जायचं म्हणजे तिला आनंदच. थोरलीनं आपल्या गळ्यातला मफलर काढून तिच्या गळ्यात गुंडाळला आणि गाठ मारली, शाळेला निघालेल्या पोरीला मारावी तशी. दोन पावलं गेल्यावर धाकटी परत आली.

"बाई, ताई आली तर तिला म्हणावं, मी लेकीकडं गेलेय. आणि दांड्या ओल्या असताना हलवू नको म्हणावं. घाई असते तिला."

"सांगते."

"विसरू नका हं."

"नाही विसरत."

मफलर गर्दीत बराच वेळ दिसत राहिला. मग पुढं एक धिप्पाड माणूस पोराला खांद्यावर घेऊन आला नि त्याच्याआड गेला. फळीवर तिन्ही चहा तसेच होते. टोपीवाला आपली टपरी सोडून आला. त्यानं एक पेला उचलला, एक थोरलीच्या हातात दिला. तिसरा कुणी उचलला नाही.

"आजी, मेणबत्त्या संपल्या का?" एक मुलगी विचारत होती. दांड्या रिकाम्या झाल्या होत्या. गेल्या वर्षीच्या सगळ्या विकल्या गेल्या होत्या. एकसुद्धा मागं ठेवायचं थोरलीला सुचलं नव्हतं.

"संपत नसतात. थांब जरा, करते."

तिनं जाळ मोठा केला. खोक्यातल्या जाड मेणबत्त्या मोडून भांड्यात टाकल्या आणि वितळेपर्यंत नव्या वाती दुमडून दांडीवर घातल्या. मग धाकटीच्या जागी उभी राहून बुडवायला लागली. बुडवायची, काढायची, निववायची. शेजारी उभं राहून जन्मभर जे एका नजरेत दिसत आलं, ते भांड्यावर वाकल्यावर दिसेना. अंदाजानं तिनं दांडी उचलली आणि सवयीनं बाजूला धरली. तिथं घ्यायला कुणी नव्हतं. तिनं स्वतःच वळून ती टांगली.

मग खिळ्यावरची भोकाची फळी काढून टांगलेल्या मेणबत्तीला खालून लावली. मेणबत्ती भोकातून कुठंही न अडता सुळकन गेली.

बारीक झाली होती. थोरलीनं दांडी उतरवली आणि पुन्हा मेणात बुडवली.