कुलपाशी गप्पा

आमची मावशी बोलघेवडी, असं अख्खी गल्ली म्हणायची. गादी कारखान्यात दिवसभर कापूस पिंजून आली, तरी दुसऱ्या मजल्यावरच्या घरी जाताना वाटेत थांबून कोणाची ना कोणाची विचारपूस करणारच. समोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या आईकडे मात्र ती वर्षभर फिरकली नव्हती. "पाय मोडलेत का तिचे?" आई फणफणायची. सख्ख्या बहिणी, पण बोलणं बंद. निरोप पोचवून पोचवून माझं डोकं उठलं होतं.

फुप्फुसांचा जुनाट आजार देशात किती जणांना आहे, हे शोधायला तेव्हा घरोघरी पाहणी चालू होती. पाहणीच्या बाईंनी मावशीला जिन्याच्या तोंडाशीच गाठलं. मी सोबत होते.

"धाप लागते का?"

"छे! सिगारेटला हातसुद्धा लावला नाही कधी."

झालं! देशाच्या हिशेबात मावशी ठणठणीत म्हणून जमा होणार होती. पण "वर चला, पाणी तरी घ्या," म्हणत ती जिना चढली आणि पहिल्या मजल्यावर सवयीने थांबली. "काय गं, बरी आहेस ना?" तिने शेजारणीच्या दाराला विचारलं.

"मावशी," बाई हळूच म्हणाल्या, "दाराला कुलूप आहे."

मला खुदकन हसू आलं, आणि तिचे वरखाली होणारे खांदे पाहून ते तिथेच विरलं. आम्ही जिची थट्टा करायचो, ती बिचारी श्वास गोळा करत होती.

"फुगे फुगवायचं वय आहे का माझं?" म्हणत तिने बाईंनी पुढे केलेल्या श्वास मोजायच्या यंत्राच्या नळीत फुंकलं. बाईंनी दवाखान्यात पाठवलं, तिथे आजाराचं निदान पक्कं झालं.

"एकट्या तुम्हीच नाही हो," बाई पुन्हा आल्या तेव्हा म्हणाल्या. "सगळे आधी नाहीच म्हणतात. फुंकायला लावलं की कळतं किती जण आहेत ते. सिगारेटच लागते असं नाही, धूळही पुरते."

आजार जाणार नव्हता, पण आवरता येणार होता. तोंडात मारायचा फवारा आला, श्वासाचे व्यायाम आले, कारखान्यात पिंजण सुटून शिलाई मिळाली. "तुझ्या आईला मीच सांगेन," मावशीने मला बजावलं.

काही महिन्यांनी ती एकेक मजला करत आईच्या दारात पोचली. आई कमरेला पदर खोचून तयारच होती.

"रुसले नव्हते गं," मावशी चौकट धरून म्हणाली. "जिना चढवत नव्हता."

आईचा चेहरा पार उतरला. तिने खुर्ची ओढली.

"बस. आधी श्वास घे. भांडण नंतर."